मोठा टीव्ही, लहान गाडी

बिऱ्हाड हलवायचे ठरले म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूविषयी प्रत्येकाचे एक मत असते. पितळी डबे कोणी बांधायचे, देव कोणी हातात घ्यायचे, तुळशीची कुंडी टेम्पोत जाईल की गाडीत, यावर चार दिवस खल होतो. टीव्हीविषयी मात्र फारसा खल होत नाही. "तो काय, आपल्या गाडीतच टाकू. टेम्पोवाले आदळआपट करतात," असे घरचे कर्ते गृहस्थ म्हणतात आणि प्रश्न मिटतो. घरातली सर्वांत मोठी, सर्वांत महाग आणि सर्वांत पातळ काच आपण अशी दोन वाक्यांत निकालात काढतो.

यात घरच्या मंडळींची हेतुपुरस्सर हयगय असते असे मुळीच नाही. उलट काळजीपोटीच तो संच गाडीत घेतलेला असतो. अडचण अशी की ही काळजी जुन्या टीव्हीची असते आणि संच मात्र नवा असतो.

मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर जे संच घरोघर आले, ते आठवा. लाकडी कपाट, पुढे सरकती दारे, आणि आत ती अवजड काचेची नळी. त्या नळीच्या आत निर्वात पोकळी असे. बाहेरच्या हवेचा दाब सोसायचा म्हणून तिची पुढची काच चांगली जाडजूड केलेली असे. असा संच न्यायचा म्हणजे त्याचे वजन हीच काय ती खरी चिंता. दोघांनी उचलायचा, पडद्याची बाजू पोटाशी धरायची, टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवायचा आणि तो कलंडू नये म्हणून शेजारी एक मुलगा बसवायचा. पडला नाही म्हणजे पोचला, इतके ते सोपे होते. 'आडवे ठेवले की पडत नाही' ही शिकवण आपल्या घराघरांत मुरली ती तेव्हापासून. ट्रंकेला ती लागू आहे, शिवणयंत्राच्या पेटीला लागू आहे, आणि जुन्या टीव्हीलाही बऱ्याच अंशी लागू होती.

आजचा सपाट टीव्ही ही वेगळी जात आहे. त्याच्या पडद्यात काचेचे दोन पत्रे असतात. प्रत्येकाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे खिडकीच्या नेहमीच्या काचेच्या सातवा-आठवा हिस्सा! त्या दोन पत्र्यांच्या मध्ये केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अशा फटीत द्रवस्फटिक भरलेले असते. मागे प्रकाश पसरवणारे पातळ थर आणि दिव्यांच्या पट्ट्या. हे सगळे सांभाळणारी चौकट हल्ली शोभेसाठी इतकी बारीक केलेली असते की बोट ठेवायलाही जागा उरत नाही. 'ओलेड' प्रकारचे महागडे संच तर याहून सडपातळ.

आडवा की उभा?

एक पोस्टकार्ड घ्या. ते एका टोकाला चिमटीत आडवे धरा. दुसरे टोक खाली झुकेल. आता तेच कार्ड कडेवर उभे धरा. ते ताठ राहील. कार्ड तेच, वजन तेच. फरक इतकाच की उभ्या कार्डाचे वजन त्याच्या रुंदीच्या दिशेने खाली उतरते आणि आडव्या कार्डाचे वजन त्याला मध्यभागी वाकवते. काचेचा पत्रा याच नियमाने वागतो. मात्र कार्ड वाकते आणि परत सरळ होते. काच थोडीशी वाकते आणि मग तडकते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. एकाच जाडीचा पत्रा दोन टोकांवर टेकवला आणि टोकांमधले अंतर दुप्पट केले, तर त्याचा मधला झोल दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. तो सोळापट होतो. म्हणूनच "आमचा ३२ इंची आम्ही डिकीत आडवा घालून नाशिकला नेला, काही झाले नाही" हा अनुभव खरा असला तरी ६५ इंची संचाला तो लावता येत नाही. शिवाय घरातल्या मेजावर आडवी असलेली काच आणि धावत्या गाडीत आडवी असलेली काच यांत फरक आहे. चाक खड्ड्यात जाऊन वर आले की त्या क्षणापुरते काचेचे वजन वाढल्यासारखे होते, आणि तो दणका नेमका मध्यभागी बसतो. मुंबई ते पुणे या वाटेवर असे दणके किती बसतील ते मोजायला नको. आपल्या सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे गतिरोधकच पुरेसे आहेत.

आडवा नेलेला मोठा संच सुखरूप पोचल्याची उदाहरणे आहेत, हे मी नाकारीत नाही. रस्ता ओलांडताना न बघणारेही पुष्कळदा पलीकडे पोचतात.

या बाबतीत खरे गुरू म्हणजे काचेचे व्यापारी. खिडक्यांच्या काचा वाहून नेणारा टेम्पो कधी नीट न्याहाळला आहे काय? तंबूच्या आकाराची एक चौकट असते आणि काचा तिच्यावर दोन्ही बाजूंनी किंचित टेकून, कडेवर उभ्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या काचेवर पोट भरणारी ही माणसे काच निजवीत नाहीत. टीव्हीच्या खोक्यावर वर तोंड केलेले दोन बाण छापलेले असतात, ते हेच सांगतात. शेजारच्या पेल्याच्या चित्राचा अर्थ 'आत नाजूक वस्तू' आणि छत्रीचा अर्थ 'भिजवू नका'. ही चित्रे जगभर सारखी असतात. कोणत्याही भाषेच्या हमालाला कळावीत म्हणूनच ती काढलेली आहेत. ती कळत नाहीत ती बहुधा आपल्यालाच.

आमच्या परिचयातील एका जोडप्याची हकिकत सांगतो. बदलीमुळे त्यांचे बिऱ्हाड दादरहून पुण्यास निघाले. घरी वडील, पक्षाघातानंतर खाटेवर. त्यांना संध्याकाळची बातमीपत्रे आणि क्रिकेटचा खेळ एवढाच काय तो जगाशी संबंध. सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी पोचणार होता; वडिलांची एक संध्याकाळही सुनी जाऊ नये म्हणून मुलाने ५५ इंची संच मुद्दाम स्वतःच्या गाडीत घेतला. मागच्या सीटा पाडल्या, त्यावर दुहेरी गोधडी अंथरली, त्यावर संच निजवला आणि वर जागा होती म्हणून कपड्यांची एक बॅग ठेवली. "हलकीच आहे," असे सूनबाई म्हणाल्या, आणि होतीही हलकीच. वाटेत कसला आवाज झाला नाही. पुण्यात संच उतरवला, पडद्यावरून हात फिरवला, काच गुळगुळीत. संध्याकाळी चालू केला तेव्हा डाव्या अर्ध्या भागात चित्र आणि उजव्या अर्ध्या भागात रंगीबेरंगी उभ्या रेघा! आतला पत्रा तडकला होता. वरचे पातळ आवरण शाबूत असल्यामुळे हाताला काही लागत नव्हते. दुरुस्तीवाल्याने पडदा बदलण्याची जी किंमत सांगितली तीत थोडीच भर घातली असती तर नवा संच आला असता. आणि हमीपत्रात, बहुतेक हमीपत्रांत असते त्याप्रमाणे, आदळून वा दाबून झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नव्हती. वडील काही बोलले नाहीत. मुलाला म्हणे तेच अधिक लागले.

आधी फीत, मग गाडी

तेव्हा पहिला प्रश्न 'टीव्ही गाडीत मावेल का' हा नसून 'टीव्ही गाडीत उभा मावेल का' हा आहे. त्यासाठी शिवणकामाची फीत पुरते.

टीव्हीचे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे. ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप असते. त्या आकड्याला ०.८७ ने गुणले की पडद्याची रुंदी येते, आणि उंची त्या आकड्याच्या निम्म्याला जवळजवळ असते. म्हणजे ४३ इंची पडदा ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५४ उंच. ५५ इंची १२२ रुंद, म्हणजे चांगला चार फूट, आणि ६८ उंच. ६५ इंची १४४ रुंद आणि ८१ उंच. यात चौकट धरायची, आणि मूळ खोक्यात न्यायचा असेल तर प्रत्येक बाजूला आणखी काही बोटे.

आता गाडीकडे पाहा. मध्यमवर्गाला मोटारीत बसवणाऱ्या मारुती ८०० च्या पुढच्या नमुन्याची रुंदी बाहेरून बाहेर १४४ सेंटीमीटर होती. म्हणजे ६५ इंची पडदा बरोबर त्या गाडीएवढा रुंद! वॅगन-आर बाहेरून १६२ सेंटीमीटर आहे. ७५ इंची पडद्याची रुंदी १६६ भरते. आतली जागा तर दोन्ही दारांची जाडी वजा जाता उरते तेवढीच. ही गणिते दुकानात संच पसंत करताना कोणी करीत नाही आणि करायचे कारणही नाही. नवा संच दुकानदार घरपोच देतो, त्याला ते काम करू द्यावे. दसरा-दिवाळीच्या गर्दीत दोन दिवस थांबावे लागले तर थांबावे.

माप घेताना आतल्या रुंदीइतकेच दाराच्या तोंडाचे माप महत्त्वाचे. आत जागा आहे पण दारातून शिरत नाही, अशी गत वरचेवर होते, आणि मग 'जरासा तिरका कर, आणखी जरासा' असे करता करता संच आडवा होतो, किंवा कोपरा दाराच्या खिट्टीवर आपटतो. मागचे झाकण उघडणारी गाडी असेल तर झाकणाच्या तोंडाची उंची मोजा. ते वर निमुळते असते, म्हणून मधोमध नव्हे तर संच जिथून जाणार तिथे मोजा. ढोबळ मानाने माझे मत असे: ४३ इंचांपर्यंतचा संच बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या सीटवर उभा राहतो, ५५ इंचीसाठी मापे घेतल्याशिवाय शब्द देऊ नये, आणि त्याच्या पुढे सात माणसांची गाडी, सीटा पाडून, तीही मापात बसली तर. नाहीतर टेम्पो.

टपावर तर नकोच. उघड्या गाडीच्या टपावर आडवा ठेवला तर वर सांगितलेले सगळे दोष आले, शिवाय वारा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ६५ इंची पडद्याएवढा पृष्ठभाग वाऱ्याला समोरासमोर भेटला तर त्यावर सुमारे २० किलोंचा रेटा येतो. संच उघड्या डिकीतून अर्धा बाहेर ठेवून झाकण सुतळीने बांधण्याची एक रीत आहे; तीही सोडून द्यावी. उघड्या झाकणातून गाडीचा विषारी धूर आत ओढला जातो, आणि गाडीच्या मर्यादेबाहेर येणाऱ्या मालाला २०१९ च्या सुधारित मोटार कायद्यात २०,००० रुपये दंड आहे.

बांधाबांध

मूळ खोके जपून ठेवले असेल तर अर्धे काम झाले. त्यातल्या थर्मोकोलच्या खोबणी संचाला फक्त कडांनी धरतात, पडद्याला कशाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. पण दोन खोल्यांच्या जागेत पाच फुटी खोके माळ्यावर किती वर्षे ठेवणार? दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याकडे जाते, आणि गृहिणीला दोष देता येत नाही. एक तोडगा सुचवावासा वाटतो: खोके जाऊ द्या, थर्मोकोलचे कोपरे तेवढे एका पिशवीत घालून ठेवा. पुठ्ठा कुठेही मिळतो, ते कोपरे मिळत नाहीत.

उतरवण्यापूर्वी संच चालू करून त्याचे एक छायाचित्र घ्या, आणि मागच्या तारांचेही घ्या. पुढे काही वाद झालाच तर पहिले उपयोगी पडते. दुसरे नव्या घरी हमखास पडते. पाय काढून ठेवा, स्क्रू एका छोट्या पिशवीत घालून ती पिशवी चिकटपट्टीने पायालाच बांधा. भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू वेगळे असतात, ते त्यांत मिसळू नयेत. संच गार होऊ द्या. मग स्वच्छ सुती चादर, वर जाड पांघरूण, आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा. पुठ्ठा आणि पडदा यांच्या मध्ये कडांवर चादरीच्या घड्या ठेवल्या की मधला भाग मोकळा राहतो. वर्तमानपत्र पडद्याला लावू नका, आणि चिकटपट्टी तर नकोच नको.

उचलायला माणसे दोन, संच कितीही हलका वाटला तरी. हात खालच्या कडेला आणि बाजूला. चूक होते ती अंगठ्याची. खाली घसरेल या भीतीने अंगठा आपोआप पडद्यावर दाबला जातो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या काचेला तेवढेही पुष्कळ होते. जिन्याच्या वळणावर 'थांब, मी धरतो' म्हणून तिसरा गृहस्थ मधोमध हात लावायला येतो, त्याला आधीच चहा करायला पाठवावे.

मागच्या सीटवर ठेवताना सीटच्या उशा काढा. सीट मऊ आणि मागे उतरती असते, म्हणून आधी फळी किंवा जाड पुठ्ठा ठेवून तळ सपाट करा. खालची कड सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. पडद्याची बाजू सीटच्या पाठीकडे. चौकटीच्या दोन्ही टोकांना मागे चादरीच्या घड्या, म्हणजे काच कशालाच टेकणार नाही. पुढे संचाची पाठ येईल. तिच्या आणि पुढच्या सीटांच्या मध्ये लोड किंवा उशा भरा आणि पुढच्या सीटा अलगद मागे घ्या. सीटचे पट्टे वरून घेऊन अडकवा. ते संच हलू नये इतपतच आवळायचे. पोते बांधल्यासारखे नव्हे.

संच गाडीच्या रुंदीत उभा असेल तर तो ब्रेक लागताना पुढे कलंडतो आणि वळणावर नुसता कडेने सरकू पाहतो. गाडीच्या लांबीत उभा असेल तर याच्या नेमके उलट; ब्रेक लागला तर कडेने सरकेल, वळणावर कलंडेल. म्हणून पहिल्या प्रकारात पुढचा आधार भक्कम हवा आणि दुसऱ्यात बाजूचा. घाट चढायचा असेल तर हे निघण्यापूर्वी एकदा डोळ्यांपुढे आणावे.

आणि आता ते मूल. "तू मागे बस आणि टीव्ही धर" हे वाक्य आपल्याकडे फार सहज निघते. गणपती आणताना मूर्ती मांडीवर घेण्याची सवय असते, तीच इथे येते. पण ताशी ५० किलोमीटर हा वेग म्हणजे १० मीटर उंचीवरून, अंदाजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली आलेल्या वस्तूचा वेग. गाडी कशावर आदळून एकदम थांबली तर न बांधलेला २० किलोंचा संच त्याच वेगाने पुढे जातो. नुसता करकचून ब्रेक लागला तरी त्याला जवळजवळ त्याच्या वजनाइतकाच हिसका बसतो. तो दहा वर्षांच्या मुलाने धरायचा? संचाशेजारी कोणीही बसू नये, मुलाने तर नाहीच. पडदा फुटला तर पैसे जातील. त्याचा कोपरा कोणाच्या मानेवर आला तर काय जाईल ते लिहवत नाही. आरशातून मागचे दिसत नाही याचीही चालकाने आठवण ठेवावी आणि बाजूच्या आरशांवर भिस्त ठेवून सावकाश जावे.

गाडीत उभा राहत नाही असे ठरले, तर टेम्पोला नाके मुरडण्याचे कारण नाही. आपल्या 'छोट्या हत्ती'त चालकाच्या खोलीच्या भिंतीला लागून, दोन गाद्यांच्या मध्ये, कडेवर उभा बांधलेला टीव्ही हा गाडीत निजवलेल्या टीव्हीपेक्षा शतपटीने सुखी असतो. गाद्या नाहीतरी न्यायच्याच असतात. फक्त तो शेवटी चढवा, पहिला उतरवा, आणि बांधताना स्वतः उभे राहा. सामान हलवणाऱ्या कंपनीला काम दिले असेल तर वाटेतल्या नुकसानीचा विमा आहे का, आणि त्यात टीव्ही नावानिशी आला आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा.

नव्या घरी पोचल्यावर लगेच कळ दाबण्याची घाई असते. जरा दम धरावा. थंड केलेल्या गाडीतून संच मुंबईच्या दमट हवेत आला की गार काचेच्या पेल्यावर धरते तशी त्याच्या अंगावर ओल धरते, आतल्या भागांवरही. दोन-तीन तास तो तसाच उभा राहू द्या. आणि मग चालू करून, मदतीला आलेली मंडळी घरी जाण्यापूर्वी, पांढऱ्या चित्रावर एकदा आणि काळ्यावर एकदा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासा. तोवर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडणार नाही. रिमोट कोणत्या डब्यात गेला, हे शोधायला तेवढे तास लागतातच.